भिंतीचं तापमान कुणालाही जुळवता येतं

प्रश्न आपल्या नाशिकच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजातून आला आहे. एम.ई.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी लिहितो: उभ्या नळीतून उकळत वर जाणाऱ्या पाण्याचं कॉम्प्युटर मॉडेल केलं. बार्तोलोमेई यांच्या १९६७ सालच्या रशियन प्रयोगात मोजलेल्या भिंतीच्या तापमानाशी ते ५ टक्क्यांच्या आत जुळलं. शिवाय कॉलेजच्या लॅबमध्ये बीकरमधल्या नायक्रोमच्या तारेवर प्रयोग केला, तोही ५ टक्क्यांत बसला. तरी बाहेरचे परीक्षक म्हणाले, "हे व्हॅलिडेशन नव्हे." मग व्हॅलिडेशन म्हणजे नक्की काय? आणि अणुभट्टीसाठी असली मॉडेलं वापरणारे लोक कशाच्या जोरावर वापरतात?

परीक्षक बरोबर बोलले. कारण मात्र त्यांनी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी जरा पसरून सांगतो. उकळत्या पाण्याचे लूप, म्हणजे प्रयोगासाठी जोडलेल्या नळ्यांची बंद वर्तुळं, चालवणं आणि त्यांच्या आकड्यांवर कोड, म्हणजे असलीच कॉम्प्युटर मॉडेलं, ताडून पाहणं, यात माझी तीस वर्षं गेली. आता गंगापूर रोडला निवांत असतो, त्यामुळे वेळ आहे.

आधी ते ५ टक्के. तुमच्या नळीचा आतला व्यास १५.४ मिमी, तापवलेली लांबी २ मीटर, दाब ४५ बार, हीट फ्लक्स, म्हणजे भिंतीच्या दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता, ५७० किलोवॅट. ४५ बारला पाणी साधारण २५७ अंशांना उकळतं. १९५१ सालचं जेन्स-लॉट्स सूत्र घेऊन वहीत हिशेब केला, तर उकळणं नीट सुरू झाल्यावर भिंत त्याच्या वर दहाएक अंश असते, म्हणजे २६७ च्या आसपास. आता २६७ चे ५ टक्के किती? १३ अंश. म्हणजे उकळण्यामुळे जो फरक पडतो, तो सगळाच्या सगळा तुमच्या ५ टक्क्यांत बुडून जातो. "भिंत = २५७" अशी एक ओळ लिहून मोकळा होणारा माणूसही ४ टक्क्यांच्या आत बसतो. त्याने ना मेश केला, म्हणजे हिशेबासाठी नळीचे बारीक बारीक सेल पाडले, ना बुडबुडा पाहिला. तेच आकडे केल्विनमध्ये लिहिले तर तो २ टक्क्यांत येतो आणि तुमच्यापेक्षा हुशार ठरतो!

टक्केवारी काढायचीच तर ती भिंत आणि उकळबिंदू यांतल्या फरकाची काढा. तशी काढलीत तर तुमचं मॉडेल काही ठिकाणी ३०-४० टक्के चुकलेलं दिसेल. त्याने खचू नका. आकडा निदान खरा असेल.

यातही एक मेख आहे. बुडबुडे सुटायला लागले की हीट फ्लक्स या फरकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. उलटं वाचा: फ्लक्समध्ये १० टक्के चूक असली तरी फरकात ३ टक्केच दिसते. उकळती भिंत फार हट्टी असते, कसंही छेडा, जागची हलत नाही. म्हणून भिंतीचं तापमान ही मॉडेलची परीक्षा घेण्याची सगळ्यात सोपी, आणि म्हणूनच सगळ्यात निरुपयोगी जागा. प्रबंधांत मात्र तोच आलेख पहिला असतो, कारण तो देखणा येतो.

बघायचं ते व्हॉइड, म्हणजे नळीतली किती जागा वाफेने धरली आहे ते. तुमच्याच नळीचा हिशेब कॉम्प्युटर बंद करून करू. तापवलेलं क्षेत्रफळ ०.०९७ चौरस मीटर, म्हणजे एकूण उष्णता ५५ किलोवॅट. प्रवाह चौरस मीटरला सेकंदाला ९०० किलो, म्हणजे नळीतून सेकंदाला ०.१६८ किलो पाणी. दर किलोला ३२९ किलोज्यूल मिळाले. पाणी ६० अंश गार आत शिरतं, ते उकळबिंदूपर्यंत आणायला २८० च्या आसपास गेले. उरलेल्यातून वाफ, आणि ४५ बारला एक किलो वाफ करायला १६७६ लागतात. म्हणजे नळीच्या तोंडाशी वजनाने ३ टक्क्यांहून थोडी कमी वाफ. पण ती वाफ पाण्याच्या पस्तिसाव्या हिश्शाइतकी हलकी. दोघं एकाच वेगाने जातात असं धरलं तर ती जवळजवळ निम्मी जागा अडवते. वजनाने तीन टक्के, जागेने निम्मी! प्रत्यक्षात वाफ पुढे पळते म्हणून जागा थोडी कमी धरते. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि तो तुमच्या रिपोर्टमध्ये नाही. परीक्षकांच्या जागी मी असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

अणुभट्टीत हा व्हॉइड म्हणजे नुसता आलेखातला अक्ष नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, १९६९ पासूनच्या, उकळत्या पाण्याच्याच आहेत. तिथे वाफ वाढली की साखळी प्रक्रिया मंदावते. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत उलटं, व्हॉइड वाढला की रिॲक्टिव्हिटी, म्हणजे साखळी प्रक्रियेचा जोर, वाढते. आणि ७०० मेगावॅटच्या नव्या भट्ट्यांमध्ये, ज्यांतली पहिली काक्रापारची तिसरी जुलै २०२० मध्ये क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यात साखळी प्रक्रिया स्वतःच्या जोरावर सुरू झाली, चॅनलच्या, म्हणजे इंधनाच्या नळीच्या, शेवटाला थोडं उकळणं मुद्दामच होऊ दिलेलं आहे, वजनाने ३ टक्क्यांपर्यंत. तिथला दाब १०० बारच्या घरात, म्हणून जागा निम्मी नाही, पण पाव तरी जाते. तेव्हा मॉडेलने भिंत बरोबर सांगितली आणि व्हॉइड चुकवला, तर भट्टीच्या दृष्टीने काहीच बरोबर सांगितलं नाही.

एकलहऱ्याच्या थर्मलमध्ये बॉयलरवर ड्यूटी केलेलं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, लोड अचानक वाढला की ड्रमची, म्हणजे बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीची, लेव्हल काय करते. पाणी कमी होत असतं आणि लेव्हल वर जाताना दिसते, कारण दाब उतरल्याने आतले बुडबुडे फुगतात. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत फसगत झाली ती याच जातीची. प्रेशरायझर, म्हणजे दाब राखणारी टाकी, भरलेला दिसतोय म्हणून ऑपरेटरांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं, आणि तिकडे गाभ्यातलं पाणी उकळून जात होतं.

आता तुमच्या मॉडेलच्या पोटात शिरू. भिंतीपाशी तुम्ही वापरलंय ते कुरुल आणि पोडोव्स्की यांचं, सॉफ्टवेअरमध्ये आरपीआय नावाने येणारं. भिंतीतून निघालेली उष्णता ते तीन वाट्यांत घालतं: थेट पाण्याला, बुडबुडा सुटल्यावर त्याच्या जागी धावून आलेल्या गार पाण्याला, आणि वाफ करायला. वाफेचा वाटा तीन गोष्टींवर ठरतो. बुडबुडे जन्मणाऱ्या जागा किती, एका जागेवरून सेकंदाला किती सुटतात, आणि सुटताना बुडबुडा केवढा असतो. पहिल्या दोन साध्या गुणाकारात येतात, व्यास मात्र घनात.

मग असं करा. व्यास दुप्पट करा, म्हणजे बुडबुड्याचं आकारमान आठपट. जागांची संख्या आठव्या हिश्शावर आणा. वाफेचा वाटा जिथल्या तिथे! भिंतीचं तापमान जवळपास तेच, आलेखही तोच. पण नळीत काय झालं? तेवढीच वाफ मोठ्या बुडबुड्यांत बसली, त्यामुळे वाफ आणि पाणी जिथे एकमेकांना भेटतात तो पृष्ठभाग निम्मा झाला. गार पाण्यात वाफ विरण्याचा वेग पडला. व्हॉइड वाढला, आणि नळीच्या वेगळ्याच उंचीवर वाढला. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि भिंतीवर कसलीच खूण राहत नाही.

तुम्ही पाठवलेल्या इनपुटमध्ये बुडबुड्याच्या व्यासाचा आकडा मूळ सूत्रातला नाही. तो कुठून आला? आलेख जुळेपर्यंत फिरवून आला असेल तर त्याला कॅलिब्रेशन म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आम्हीही फिरवतो. फक्त ज्या आलेखावर आकडा बसवला तोच आलेख पुरावा म्हणून दाखवता येत नाही. उत्तर बघून गणित सोडवलं आणि मग उत्तर बरोबर आलं म्हणून पाठ थोपटून घेतली, असं होतं ते. आकडा तिथेच गोठवा आणि दुसऱ्या दाबाचा, दुसऱ्या प्रवाहाचा प्रयोग चालवा. तिथे काय येतं ते लिहा.

मेशचं थोडक्यात. मेश निम्मा, पाव असा बारीक करून उत्तर थांबतं का ते बघणं, हे गणित बरोबर सुटलं का याची तपासणी आहे. समीकरणं मुळात बरोबर आहेत का हा वेगळा प्रश्न, आणि व्हॅलिडेशन ते हेच. पहिलं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. भिंतीवरच्या उकळण्यात मात्र पहिला सेल फार बारीक केला की हे मॉडेल बिथरतं, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

बीकरकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. काचेचं भांडं, आत नायक्रोमची तार, बाहेर डिमरस्टॅट; व्होल्टेज हळूहळू वाढवायचं, तार लाल होते आणि तट्‌कन तुटते. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत हा प्रयोग आहे, आणि त्याचं मूळ १९३४ साली नुकियामा यांनी जपानमध्ये केलेल्या प्रयोगात आहे. लॅबची वही भरण्यापलीकडे फारसं कोणी त्याकडे बघत नाही, ही खंत आहे. १० सेंमी लांबीच्या आणि ०.२ मिमी जाडीच्या तारेला चौरस मीटरला १ मेगावॅट द्यायला ६० वॅटच्या दिव्याएवढी वीज पुरते. अणुभट्टीच्या इंधनकांडीवर जो प्रसंग येऊ नये म्हणून सगळी धडपड चालते, तो तुमच्या टेबलावर ६० वॅटमध्ये घडतो.

पण तुमच्या ५ टक्क्यांचं काय? तारेचा व्यास तुम्ही ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने मोजला. ०.२ वर ०.०१ म्हणजे तिथेच ५ टक्के गेले, व्होल्टमीटर-ॲमीटरचं अजून नावही काढलेलं नाही. प्रयोगाचा आकडा स्वतःच ५ टक्के इकडेतिकडे असताना मॉडेल ५ टक्क्यांत जुळलं, याचा अर्थ एवढाच की या प्रयोगाला तुमच्या मॉडेलची चूक पकडण्याची ताकद नाही.

दुसरं, आपण नाशिकला आहोत. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. इथे पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं. सॉफ्टवेअरमध्ये दाबाच्या रकान्यात १०१३२५ पास्कल आधीच भरलेला असतो, तो तुम्ही तसाच ठेवलाय. तार १०८ अंशांवर असेल तर खरा फरक १०, तुमच्या मॉडेलच्या लेखी ८. दोन अंश वाटतात किरकोळ, पण घन करा: १० भागिले ८, त्याचा घन, १.९५. फ्लक्स जवळपास दुप्पट चुकला पाहिजे होता. तरीही ५ टक्क्यांत जुळलं म्हणता, म्हणजे कुठेतरी दुसरी तेवढीच चूक उलट्या दिशेने बसलेली आहे.

ती कुठे, याचा मला अंदाज आहे. तारेला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची जोडतार, चिकटवलंय ना? ०.२ मिमीच्या तारेला तेवढ्याच जाडीची जोडतार चिकटवली की ती मोजत बसत नाही, उष्णता पळवायला लागते. जिथे मोजायचं नेमकी तीच जागा गार होते. यात तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत आयडाहोला लॉफ्ट नावाची ५० मेगावॅट औष्णिक क्षमतेची भट्टी खास पाणी गळतीच्या चाचण्यांसाठी बांधली होती. १९७८ च्या शेवटी तिथे खऱ्या अणुइंधनावर पहिली मोठी चाचणी झाली, तेव्हा क्लॅडिंग, म्हणजे इंधनकांडीचं धातूचं आवरण, कोडने सांगितलं होतं त्यापेक्षा फार लवकर पुन्हा ओलं होऊन गार झालं. आनंदाचीच गोष्ट. पण लगेच वाद उभा राहिला: क्लॅडिंगच्या बाहेरून जोडलेली थर्मोकपलंच तर रेडिएटरच्या पात्यांसारखी उष्णता काढून घेत नसतील? म्हणजे चुकलाय कोण, कोड की प्रयोग? त्या एका शंकेपायी वेगळे प्रयोग करावे लागले.

नुकियामांनी तारेचं तापमान तिच्या विद्युतरोधावरून काढलं होतं, चिकटवाचिकटवी नाही. नायक्रोमचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, त्यामुळे तुमच्याकडे ते जमणं कठीण. प्लॅटिनमवर छान जमतं, पण सराफ बाजारातला भाव विचारून या आणि मग ठरवा. माझा सल्ला, तारेच्या तापमानाचा नाद सोडा आणि फक्त तार जळते त्या वेळचा फ्लक्स ताडून पाहा.

प्रयोगाला देव मानू नये, हे मी एकदा चांगलं पोळून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लूपचा दाबफरक माझ्या कोडमध्ये काही केल्या येईना. शेवटी प्रवेशाच्या ठिकाणचा लॉस कोइफिशंट, म्हणजे तिथे किती दाब वाया जातो तो आकडा, जवळजवळ दुप्पट केला, सगळे बिंदू रेषेवर आले, आणि मी त्याच्यावर दोन पानांचं स्पष्टीकरणही लिहिलं: कडा धारदार, भोवरे, वगैरे. महिनाभराने आमच्या लूपवरच्या जुन्या टेक्निशियनांनी दाब मोजणाऱ्या ट्रान्समीटरची इम्पल्स लाइन, म्हणजे त्याच्याकडे जाणारी बारीक नळी, व्हेंट केली. फुस्स करून हवा निघाली. दाबफरक जागेवर आला आणि माझे भोवरे नाहीसे झाले. ती दोन पानं मी बरीच वर्षं खणात ठेवली होती.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. अणुभट्टीवाले कशाच्या जोरावर वापरतात?

बीकरच्या जोरावर तर नक्कीच नाही. साध्या हवेच्या दाबाला पाणी आणि वाफ यांच्या घनतेचं गुणोत्तर १६०० ला १ असतं. दाबाखालच्या पाण्याच्या भट्टीत, १५५ बारला, ते ६ ला १ च्या आसपास येतं. इथला बुडबुडा दोन-तीन मिलिमीटरचा, तिथला मिलिमीटरच्या अंशाएवढा. दोघांना उकळणं म्हणायचं, पण भाषा वेगळी. १५५ बारच्या पाण्यात बुडबुडे नीट मोजणं फार कठीण, म्हणून फ्रान्समध्ये ग्रनोबलला डेबोरा प्रयोगात पाण्याऐवजी जुन्या फ्रिजमधला आर-१२ वायू वापरला. सुमारे २६ बारलाच त्याचं घनतेचं गुणोत्तर भट्टीतल्या पाण्याएवढं होतं. तुमच्या मॉडेलला भट्टीचं नाव लावायचं असेल तर त्या आकड्यांवर चालवून बघा. जपानच्या नुपेक संस्थेने पूर्ण आकाराच्या इंधनगुच्छांवर केलेल्या व्हॉइडच्या मोजण्याही आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी दिल्या गेल्या आहेत.

त्याच्यावर पूर्ण यंत्रणेच्या चाचण्या. जपानच्या तोकाईमधली एलएसटीएफ ही चाचणी यंत्रणा भट्टीच्या पूर्ण उंचीची, आकारमानाने १/४८. उंची कमी करत नाहीत, कारण नैसर्गिक अभिसरण उंचीवर चालतं; बीएआरसीनेही एएचडब्ल्यूआर या प्रगत जड पाण्याच्या भट्टीसाठी इंटिग्रल टेस्ट लूप बांधताना उंची पूर्णच ठेवली. आणि मुख्य म्हणजे काही चाचण्यांचे निकाल आधी कोणाला दाखवत नाहीत. ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेने कित्येक वर्षं असे प्रश्न घातले: सुरुवातीची स्थिती सांगायची, सगळ्या देशांनी आपापल्या कोडचं उत्तर आधी जमा करायचं, मग मोजलेले आकडे उघडायचे. पेपर फुटलेला नसताना दिलेली परीक्षा. त्यात एक गोष्ट सगळ्यांनाच बोचली. एकच कोड, एकच प्रश्न, आणि दोन गटांची उत्तरं वेगळी! फरक चालवणाऱ्या माणसाचा होता.

एवढं करूनही कोड चुकतो हे गृहीत धरतात, आणि किती चुकतो तेवढं अंतर सोडतात. तुमच्या तारेचं जळणं इंधनकांडीवर कधी होईल, हे आजही मूळ तत्त्वांवरून खात्रीने काढता येत नाही. ३०,००० हून जास्त मोजण्यांवर बेतलेला ग्रोनेवेल्ड यांचा २००६ चा तक्ता वापरतात, किंवा इंधनगुच्छावर बसवलेली सूत्रं. टाँग यांचं डब्ल्यू-३ हे सूत्र वापरताना, जळण्याचा फ्लक्स प्रत्यक्ष फ्लक्सच्या किमान किती पट हवा, ही मर्यादा १ नव्हती, १.३ होती. सूत्राचे आणि प्रयोगांचे आकडे जेवढे विखुरलेले, त्यावरून ती ठरली. त्या विखुरण्याचा हिशेब म्हणजेच व्हॅलिडेशनचं फळ. तुमच्या रिपोर्टमध्ये "जुळलं" आहे, विखुरणं नाही.

मोठ्या अपघाताच्या गणितात आणखी एक युक्ती असते, तुम्हालाही जमेल अशी. इनपुटमधले अनिश्चित आकडे, म्हणजे तुमच्याकडे तारेचा व्यास, दाब, फ्लक्स, बुडबुड्याचा व्यास, त्यांच्या त्यांच्या मर्यादेत चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचला आणि ५९ वेळा कोड चालवा. त्यांतलं सर्वांत वाईट उत्तर घ्या. ते उत्तर १०० पैकी ९५ शक्यतांना झाकतं, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ५९ च का, तर ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या खाली उतरतो. ५८ वा थोडक्यात हुकतो. अमेरिकेच्या नियमात क्लॅडिंगची मर्यादा १२०४ अंश आहे, आणि तिच्याशी तुलना होते ती अशा वाईटातल्या वाईट रनची.

तुमचा एक रन रात्रभर चालतो म्हणालात, तर ५९ रनला दोन महिने जातील. तेव्हा मेश थोडा जाड ठेवा आणि तो किती जाड ठेवला ते लिहा. दरम्यान बीकरचं काम सुरू करा. बॅरोमीटर बघून त्या दिवशीचा दाब वहीत लिहा. मायक्रोमीटर सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कॅलिब्रेशन लॅबमध्ये तपासून घ्या. रविवार कारंज्याच्या बाजूला हीटर-गिझर दुरुस्तीवाल्यांकडे नायक्रोम मिळते का बघा आणि एकाच रिळातून दहा तुकडे कापून घ्या. दहाही जाळा. जळतानाचे दहाही आकडे लिहा, जो मॉडेलशी जुळतो तेवढाच नको. तुटलेले तुकडे फेकू नका, एकेका पाकिटात घालून वर तारीख टाका. तार मधे तुटली की टोकाला, हे परीक्षक विचारतील, आणि टोकाला तुटली असेल तर तो बिंदू आलेखात धरायचा नाही.